बिराजदार मॅडमचा गुरुवार

बिराजदार मॅडमपुढे कुणाचंही फुप्फुस ठेवा, त्या आधी त्याचं घर विचारायच्या. पेशंट स्टुलावर बसला, दोनदा खोकला, की बाकीचे डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावतात. मॅडम अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या, एक कोरा कागद पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "काढा घर."

माणूस गांगरायचा. जन्मात पेन्सिल न धरलेला नायगावकडचा एखादा म्हातारा हात मागे घ्यायचा. "मला कुठं येतंय बाई चित्र."

"मला तरी कुठं येतंय. दार कुठंय तेवढं दाखवा. झोपता कुठं? चूल कुठंय? कडबा कुठं रचता? माळवदात कबुतरं हायत का?"

पाच मिनिटांनी तोच म्हातारा कागदावर वाकून "न्हाई न्हाई, कोंबड्याचं खुराडं हिकडं, माझ्या बाजेच्या उशाला" असं म्हणत स्वतःचंच चित्र दुरुस्त करत असायचा. मॅडम हनुवटीला हात लावून बघत बसायच्या. बाहेर लाइन मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जायची आणि मॅडमना त्याचं काही नसायचं.

नांदेडच्या त्या रुग्णालयाची रेकॉर्ड रूम मी सांभाळायचो. रुग्णालय एका ट्रस्टचं आहे. नाव मुद्दाम घालत नाही, ट्रस्टी मंडळींना छापून आलेलं फार आवडतं आणि मग सत्कार ठेवतात. काम कमी आणि चहा जास्त अशा नोकरीत मी सुखात होतो. छातीच्या डॉक्टर म्हणून देवणीकडच्या ह्या बाई आल्या आणि ते सुख गेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असा माझा कारभार. त्यात मॅडमचा हुकूम आला की रिपोर्टाच्या आधी फायलीत घराचा नकाशा लागला पाहिजे. मी म्हणालो, "मॅडम, हे भूमी अभिलेखचं काम झालं." त्या म्हणाल्या, "माधवराव, तिथंसुद्धा तुमच्यापेक्षा जल्दी कागद सापडतो." त्या दिवसापासून मी नकाशे लावायला लागलो.

बाई दिसायला अगदी साध्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी, वर पांढरा कोट आणि साडीखाली पोरांच्या पीटीचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. अकराच्या ठोक्याला जिथं असतील तिथं डबा उघडायच्या. भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मंत्री आले तरी अकरा म्हणजे अकरा. राग नाकाच्या शेंड्यावर. नर्सनं "बेड नंबर चारला दम लागतोय" असं सांगितलं की उखडायच्या. "दम लागतो म्हंजे काय? कुठं लागतो? कुठल्या पायरीला? घागर कुठं टेकवते ती? ते विचारून ये अन् मग सांग." एक चांगली फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्या बोलण्याला कंटाळून नोकरी सोडून गेली, तेव्हा मला वाटलं बाईंना वाईट वाटलं असेल. त्यांनी नवीन मुलीला पहिल्याच दिवशी तसंच झापलं.

नकाशाची गंमत मला कळली ती लातूरच्या एका निवृत्त मास्तरांमुळे. दर उन्हाळ्यात मास्तरांना दम लागायचा, ताप यायचा, पावसाळा सुरू झाला की बरं वाटायचं. सगळे दमा म्हणून पंप देत होते. मास्तरांनी घराचा नकाशा काढला तो पट्टीनं, दिशा दाखवून, कोपऱ्यात सूचीसकट. मॅडमनी खिडकीपाशी बोट ठेवलं.

"हे चौकोनी काय?"

"कूलर."

"त्यातलं गवत कधी बदललं?"

"गवत कशाला बदलायचं? चांगली थंड हवा येते."

"अन् पाणी?"

मास्तर जरा ताठ झाले. "मॅडम, आम्ही लातूरचे. आम्ही पाणी टाकत नाही. संपेल तेवढीच वर भर घालतो."

लातूरकरांनी पाण्याचे काय हाल काढले ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ज्यानं रात्र रात्र टँकरची वाट पाहिली तो कूलरचं पाणी मोरीत ओतेल कसा? मास्तर हंगामभर तेच पाणी फिरवत होते, कुजक्या गवतावर बुरशी धरत होती आणि उशाला बसून ती रोज त्यांच्या फुप्फुसात जात होती. मॅडमनी थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि कूलर अंगणात काढायला लावला. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर नवीन नकाशा घेऊन आले. खिडकीपाशी फक्त खिडकी होती. तो नकाशा मॅडमनी भिंतीवर चिकटवला, तारीख घालून.

पण सगळेच आजार कूलर काढून जाणारे नसतात. काही फुप्फुसं आतून चिवट होत जातात, काहींत भलतंच काही साचतं, आणि ह्यातलं बरंचसं आपल्या भागात सरसकट टीबी म्हणून खपतं. सुरुवातीला मॅडम असे पेशंट हैदराबादला पाठवायच्या. छान सविस्तर पत्र लिहून द्यायच्या. मग एक दिवस नायगावचा एक गडी वर्षानं परत आला, दोघांच्या खांद्यावर. मॅडमनी विचारलं, "हैदराबादेत काय म्हणाले?" त्यानं बंडीच्या खिशातून पत्र काढलं. घडी मोडलेली नव्हती. घामानं शाई उतरली होती, बाकी पत्र जसंच्या तसं. "कसं जावं बाई. भाषा न्हाई, माणूस न्हाई. तुमचं पत्र हाय म्हनून धीर होता."

तो गडी आठ दिवसांनी गेला. त्या दिवशी अकरा वाजले तरी मॅडमनी डबा उघडला नाही. संध्याकाळी रेकॉर्ड रूममध्ये येऊन माझ्या टेबलावरची धूळ बोटानं पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पत्र देऊन मी त्याला घालवून दिलं माधवराव. हे टेबल गुरुवारी मला लागंल."

असा गुरुवार सुरू झाला. रेकॉर्ड रूम का, तर दवाखान्यात तेवढंच एक मोठं रिकामं टेबल होतं. दुपारी मॅडम, सीटी स्कॅन वाचणारे डॉक्टर, भुलीचे सय्यद सर आणि दोन-तीन शिकाऊ डॉक्टर तिथं जमायचे. मॅडम पेशंटचं नाव झाकून फोटो पडद्यावर लावायच्या, घराचा नकाशा मध्ये ठेवायच्या, आणि मग कुणीही तोंड उघडायचं नाही. प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालून स्टीलच्या डब्यात टाकायचं. "मोठे बोलले की लहान माना डोलावतात," असं मॅडमचं म्हणणं. "चिठ्ठीला वय नसतं." चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडं, कारण मला कुणाचंच अक्षर ओळखू येत नाही असा त्यांचा समज होता. मी दहावी पास माणूस, ते लांबलचक इंग्रजी शब्द अडखळत वाचायचो आणि डॉक्टर लोक हसू दाबायचे. पहिल्या काही गुरुवारी भांडणंच झाली. एकदा सगळ्यात लहान शिकाऊ पोरगी बरोबर निघाली आणि मॅडम चूक. मॅडमनी स्वतःची चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली.

फुप्फुसाचा तुकडा ओळखणारा माणूस मात्र नांदेडात मिळेना. ते होते लातूरला, पाटील सर. त्यांच्याकडं तो तुकडा लावलेल्या काचा कुरिअरनं पाठवल्या तर पोचेपर्यंत चुरा. मग बुधवारी मला एसटीत बसवायचं ठरलं. पत्र्याच्या डबीत कापूस घालून काचा, डबी मांडीवर, आणि मी खिडकीशी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. पाटील सर त्या काचा सूक्ष्मदर्शकातून बघायचे, गुरुवारी फोनवरून आपलं मत सांगायचे, मी ते चिठ्ठीवर उतरवून डब्यात टाकायचो. वरच्या साहेबांना ह्या सगळ्याचा फार आनंद झाला आणि त्यांनी 'दुर्मिळ फुप्फुसविकार केंद्र' अशी मोठी पाटी करायला दिली. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. काय बोलल्या ते शिपायानं सांगितलं. "पाटी वाचून पेशंट येईल, अन् मग आम्ही त्याला पत्र देऊन पाठवू. आधी ज्यांना घरी धाडलं ते परत येऊ द्या, मग लावा." पाटी बराच काळ जिन्याखाली भिंतीकडं तोंड करून उभी होती.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो.

माझी थोरली बहीण गयाबाई, आमची आक्का, लोह्याजवळच्या एका गावात दिलेली. शेतातून हाक मारली तर गावातल्या घरातला माणूस ओ द्यायचा असा तिचा आवाज. तिला खोकला लागला, वजन उतरायला लागलं. मी दवाखान्यातला माणूस. स्टाफच्या माणसानं का लाइनीत बसायचं? आक्काला स्टुलावर बसवून घराचा नकाशा काढायला लावायचा, ढोरं किती न् चूल कसली हे चार माणसांत सांगायचं, मला ते नको होतं. मी तिचा एक्स-रे घेतला आणि एका ओळखीच्या डॉक्टरांना कँटीनमध्ये दाखवला. त्यांनी एका हातात चहाचा कप धरून खिडकीच्या उजेडात तो पाहिला. "टीबी दिसतो." थुंकी तपासायची राहिली, कारण मीच म्हणालो, "कशाला सर, आपलाच माणूस आहे, लगेच सुरू करू." औषध त्याच संध्याकाळी घेतलं. गावाकडं मी मिशीला पीळ देऊन सांगितलं की लोकांना महिना लागतो, आपलं काम एका चहात झालं.

औषधाचा कोर्स संपला. आक्काला आधी जरा बरं वाटलं, मग पूर्वीपेक्षा वाईट. मी पुन्हा ओळख काढली, पुन्हा कोर्स. दर बुधवारी मी लोह्यावरून जायचो, मांडीवर दुसऱ्यांची फुप्फुसं घेऊन. काखेत कळसा न् गावाला वळसा, ते मला तेव्हा सुचलं नाही.

एका बुधवारी आक्का मला शेंगांची पिशवी द्यायला लोह्याच्या स्टँडवर आली. गाडी थांबली. रिक्षापासून माझ्या खिडकीपर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. ती मध्ये दोनदा थांबली. खिडकीशी आली, पिशवी वर केली आणि बोलायला तोंड उघडलं तर शब्द येईना. ओठ निळसर झालेले. "माधव," एवढं म्हणून ती गाडीच्या पत्र्याला धरून उभी राहिली. कंडक्टरनं घंटा मारली. आक्काचा आवाज गेलाय हे मला तेव्हा कळलं.

तिचा सीटी स्कॅन काढला. मॅडमसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पुढच्या गुरुवारी मी तो नावाशिवाय गठ्ठ्यात सरकवला. पडद्यावर तो लागला तेव्हा सगळे पुढे वाकले. सबंध फुप्फुसात शहाबादी फरशीचे तुकडे बसवल्यासारखी नक्षी होती. चिठ्ठ्या पडल्या. मी पहिली उघडली. "टीबी नाही." दुसरी. "टीबी वाटत नाही." तिसरीत एक लांब इंग्रजी शब्द होता, तो वाचताना माझी जीभ अडखळली आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही, कारण मी पुढची चिठ्ठी उघडलीच नाही.

"ह्याला नकाशा कामून न्हाई?" मॅडमनी विचारलं. "कुणाचं हाय हे?"

"माझ्या आक्काचं."

मॅडमनी चष्मा काढला. "टीबीची औषधं चालू हायत?"

"दुसरा कोर्स."

"थुंकी?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या ते जास्त लागलं. "माधवराव, लाइनीत बसवलं असतं तर पहिल्या दिवशी थुंकी तपासली असती. लोकांना लाइनीत जे मिळतं, ते तुम्ही तुमच्या बहिणीला मिळू दिलं न्हाई. उद्या घेऊन या. लाइनीत."

आक्का लाइनीत बसली. दोन तास. घर काढलं, त्यात बाभळीचं झाडसुद्धा काढलं. मॅडमनी तिच्याशी इतका वेळ गप्पा मारल्या की मला वाटलं देवणीकडची काही सोयरीक निघते की काय. थुंकीत टीबी नव्हता. दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी काढलं तर ते दुधासारखं आलं. त्याच्या काचा घेऊन लातूरला मीच गेलो. त्या बुधवारी मी डबी मांडीवर ठेवली नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरली. पाटील सरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "टीबी नाही. तुमच्या मॅडमची चिठ्ठी बरोबर आहे."

मॅडमनी आक्काला समजावलं ते मला पाठ आहे. "गयाबाई, फुप्फुसाच्या आत एक तेलकट पदार्थ बनत असतो अन् रोज साफ होत असतो. तुमच्यात साफ होणं बंद झालंय. मोरी तुंबल्यासारखं. आत पाणी सोडून धुवावं लागंल."

आक्कानं श्वास गोळा केला. "फुप्फुस धुनार? मग पिळून... वाळत बी घालनार का?"

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून सिस्टर बघायला आली.

पण हे धुणं आमच्याकडं कधी झालेलं नव्हतं. हैदराबादला होत होतं. आक्कानं स्पष्ट सांगितलं, "मी कुठं जात न्हाई. हितं करा, न्हाईतर घरी सोडा."  दोन दिवसांनी मॅडमनी आणि सय्यद सरांनी रजा टाकली आणि दोघं हैदराबादला गेले. तिथं दुसऱ्यांच्या ऑपरेशन थिएटरात भिंतीला टेकून उभे राहिले, नळी कशी घालतात, एका फुप्फुसानं श्वास देत दुसरं कसं भरतात, हे बघत आणि वहीत लिहीत. सय्यद सर नंतर सांगायचे, "मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना इतके सवाल विचारले की शेवटी त्यांनी आम्हाला बिर्याणी खाऊ घालून रवाना केलं."

परत आल्यावर तालीम. तालमीत पेशंट मी. टेबलावर आडवा पडलो, सय्यद सर नळ्या मोजतायत, कुणी सलाइनच्या बाटल्या टबात कोमट करतंय, आणि नवीन फिजिओथेरपिस्ट पोरगी माझ्या बरगड्यांवर तळव्यांची वाटी करून थापा मारतेय, कारण पाणी आत असताना असं थोपटलं की साचलेलं सुटतं. मी कुरकुरलो. मॅडम म्हणाल्या, "मार गं जोरात, ह्यांच्या अंगावर लई वर्षांची धूळ हाय." चार दिवस तालीम झाली. सगळ्यांची कामं, सगळ्यांच्या जागा, कोण कुणाला काय देणार, हे मॅडमनी शाळेच्या संमेलनासारखं बसवलं. पाचव्या दिवशी, आक्काला आत न्यायच्या आधी, त्यांनी मलाच विचारलं, "भीती वाटून राहिली का माधवराव?" मी हो म्हणालो. "मला बी," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी थिएटरात मला अर्थातच घेतलं नाही. पण आतून येणाऱ्या बाटल्यांवर नंबर घालायचं काम माझ्याकडं दिलं. मला गुंतवून ठेवायला दिलं हे मला तेव्हाही कळत होतं. दार अर्धं उघडायचं, सिस्टर बाटली द्यायची, मी नंबर चिकटवून गाडीवर ठेवायचो. पहिली बाटली आली ती घट्ट ताकासारखी. हे माझ्या बहिणीच्या आत होतं आणि त्यावर मी तिला टीबीच्या गोळ्या चारत होतो. दुसरी तशीच. पाचवीपर्यंत तसंच. मग जराशी पातळ. मी दर बाटली उजेडाकडं धरून बघायचो. नववी की दहावी असेल, तिच्यापलीकडचा भिंतीवरचा रंग दिसायला लागला. शेवटच्या दोन बाटल्या जवळजवळ पाण्यासारख्या होत्या. मॅडम बाहेर आल्या, त्यांचे कॅनव्हासचे बूट भिजून चिकट झाले होते. त्यांनी गाडीवरची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या.

काही दिवसांनी दुसरं फुप्फुस झालं. त्यानंतरच्या सकाळी मी वॉर्डात गेलो तर आक्का सिस्टरशी भांडत होती, जेवणात भाकरी का नाही म्हणून. एका दमात, मध्ये कुठंही न थांबता, पूर्ण वाक्यं. मी दारातच उभा राहिलो आणि रडलो. लाज वाटली नाही. ह्या बाईंनी माझ्या बहिणीचा श्वास परत दिला आणि एकदाही मला माझी चूक पुन्हा ऐकवली नाही. ह्याहून मोठे उपकार माझ्यावर कुणी केलेले नाहीत.

ती गोष्ट पसरली. देगलूर, हिंगोली, लातूरकडचे डॉक्टर आपले न सुटणारे पेशंट गुरुवारी पाठवायला लागले, काही जण स्वतःच येऊन चिठ्ठ्या टाकायला लागले. तसा आजार असलेले आणखी दोघं सापडले. त्यातल्या पहिल्याच्या वेळी मॅडम थिएटरात उभ्या राहिल्या, पण हात कोटाच्या खिशात घालून. दुसऱ्याच्या वेळी त्या आत गेल्याच नाहीत. तरण्या डॉक्टरांना घाम फुटला होता, मॅडम ओपीडीत नकाशे काढून घेत बसल्या होत्या. मधेच मला म्हणाल्या, "बघून या हो, काय करून राहिलेत ते." मी तीनदा बघून आलो. जिन्याखालची पाटी कधीतरी वर लागली. कुणी लावली ते मला माहीत नाही, कार्यक्रम झाला नाही.

मग मॅडम निवृत्त होऊन देवणीला गेल्या. आणि साधारण वर्षानं आक्काला पुन्हा दम लागायला लागला. हा आजार असा परत येऊ शकतो हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण ऐकून ठेवणं वेगळं. आता मॅडम नव्हत्या, सय्यद सरही दुसऱ्या गावी मुलाकडं राहायला गेलेले. थिएटरातली बहुतेक माणसं नवीन. मी मॅडमना फोन केला आणि सरळ गळच घातली की तुम्ही या आणि करा.

"मी कशाला? त्यांना येतं."

"मॅडम, माझी आक्का आहे."

"म्हणून तर. लाइनीत बसवा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

धुवायच्या दिवशी सकाळी मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. दहाच्या सुमाराला शेजारी कुणीतरी येऊन बसलं. तोंडाला मास्क, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. चष्म्यावरून ओळखलं. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा दंड धरून खाली बसवलं.

"पहाटेच्या गाडीनं आले. कुणाला सांगू नका."

"आत चला की मॅडम."

"मी आत गेले की सगळे माझ्याकडं बघतील. त्यांना आक्काकडं बघू द्या."

आम्ही बसून राहिलो. आतून काही कळत नव्हतं. बाटल्या आता दुसऱ्या दारानं जातात. मॅडमनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. अकरा वाजून गेले, त्यांच्या लक्षात आलं नाही. इतर नातेवाईक जसे दर वेळी दार वाजलं की मान वर करतात तशा त्या करत होत्या. इतकी वर्षं मी त्यांना त्या दाराच्या आतल्या बाजूलाच पाहिलं होतं.

दुपारी दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर बाहेर आला. हल्लीच रुजू झालेला, मलाही नीट ओळखत नव्हता. "गयाबाईंचे नातेवाईक कोण?"

आम्ही दोघं एकदम उभे राहिलो. मॅडमच आधी बोलल्या. "डाव्या बाजूचं पाणी शेवटी साफ आलं का?"

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. "आजी, तुम्ही बसा. एकाच नातेवाईकाला सांगतो मी, नाहीतर गोंधळ होतो."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अरे बाबा, तुला माहीत आहे का ह्या कोण आहेत. मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. "हाव, बरोबर हाय," असं म्हणून त्या बाकावर जाऊन बसल्या.

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. शांतपणे, एकेक पायरी करून त्यानं सगळं सांगितलं. डावं फुप्फुस व्यवस्थित धुतलं, ऑक्सिजन एकदाही फार खाली गेला नाही, शेवटचं पाणी स्वच्छ आलं, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील, उजव्या बाजूचं पुढच्या आठवड्यात करू. मग त्यानं विचारलं, घरी चूल आहे का, आणि त्या कुठं झोपतात. मी सांगितल्यावर तो आत गेला.

मी बाकाशी आलो. मॅडमनी मास्क हनुवटीवर ओढला होता. डोळे भरलेले होते आणि त्या लहान मुलीसारख्या माझ्याकडं बघत होत्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

मी शेजारी बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या.